उतरावे कोठे?

औंढा नागनाथाहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिरड शहापूर हे आमचे गाव आहे. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. परंतु आमचे आप्पा पत्ता सांगताना आजही सवयीने ‘जिल्हा परभणी’ म्हणतात आणि मग स्वतःच हसून दुरुस्ती करतात. भगवान मल्लिनाथांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र म्हणून हे गाव दूरवर ओळखले जाते. मल्लिनाथ हे एकोणिसावे तीर्थंकर. त्यांच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या आणि औंढ्याच्या ज्योतिर्लिंगाकडे निघालेल्या भाविकांच्या गाड्या आम्ही लहानपणापासून याच रस्त्यावर पाहत आलो. त्यामुळे ‘इथे उतरायची सोय कोठे आहे हो?’ हा प्रश्न आमच्या कानांना फार ओळखीचा. गेल्या आषाढात मात्र तोच प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला आणि पंधरा दिवस मुक्कामाला राहिला.

निमित्त होते आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. त्या हिशेबाने माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की वयाची ८० वर्षे आणि साधारण १० महिने पूर्ण होतात. आप्पांची ती घटका जवळ आली होती. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात राहणारी माझी धाकटी बहीण पंधरा वर्षांच्या मुलासह सुट्टीत आली होती. पुण्याचा भाऊ, नांदेडची थोरली बहीण, अशी सगळी पाखरे माळवदाच्या जुन्या घरात जमली. बाहेर हळदीची कोवळी पाने वाफ्यांतून डोके वर काढीत होती आणि ओसरीवर चर्चा चालली होती, की हा सोहळा करायचा कोठे.

ओसरीवरील वादसभा

भाच्याला मनोरंजन उद्यानांचे आणि त्यांच्या आवारातील हॉटेलांचे विलक्षण वेड. त्याच्या शहराजवळच ऑर्लँडो येथे २२ मे २०२५ रोजी ‘एपिक युनिव्हर्स’ नावाचे नवे उद्यान सुरू झाले. त्याच्यासाठी तीन नवी हॉटेले बांधली गेली. ‘स्टेला नोव्हा’ आणि ‘टेरा लुना’ ही प्रत्येकी ७५० खोल्यांची, तुलनेने स्वस्त; आणि ‘हेलिओस ग्रँड’ हे ५०० खोल्यांचे, महाग, पण थेट उद्यानात उघडणाऱ्या दाराचे. या तिन्हींवरून तिकडच्या हौशी लोकांत जे रण माजले, त्याचे वर्णन भाचा अशा आवेशाने करी, की जणू पानिपतच.

‘आप्पा, काही लोक म्हणतात, पहिली दोन बाहेरून नुसत्या रंगवलेल्या पेट्या दिसतात. उद्यानाला शोभेल असं काही नाही. दुसरे म्हणतात, खोलीत फक्त झोपायचं असतं, जास्त पैसे कशाला द्यायचे? आणि हेलिओसवाले म्हणतात, दार उघडलं की उद्यान, याची किंमत मोजायलाच हवी.’

आप्पांनी सुपारी कातरता कातरता विचारले, ‘आणि स्वस्तातल्या खोलीतून उद्यानापर्यंत चालावं किती लागतं रे?’

‘बस असते, आप्पा.’

‘बसच्या पायऱ्या किती?’

भाचा गडबडला. इतके दिवस तो ज्या वादात मुरला होता, त्यात हा मुद्दा त्याच्या कानी आला नव्हता.

मग त्याने आणखी एक भांडण सांगितले. डिस्नेच्या जुन्या हॉटेलांतील खोल्यांचे नूतनीकरण गेल्या काही वर्षांत झाले. कित्येक ठिकाणी गालिचे काढून गुळगुळीत दिसणारी टणक फरशी आली, आणि पुष्कळ खोल्यांत आंघोळीच्या टबाऐवजी काचेच्या आडोशाची, उभ्याने न्हाण्याची जागा आली. जुन्या चाहत्यांना हे आवडले नाही. खोल्यांतील कल्पनारम्यता गेली, सगळे रुग्णालयासारखे कोरडे झाले, अशी त्यांची तक्रार. हे ऐकून माझी थोरली बहीण, जी परिचारिका म्हणून निवृत्त झाली आहे, ताडकन म्हणाली, ‘अरे, टबाची कड ओलांडायला पाय केवढा उचलावा लागतो! साठीच्या पुढच्या माणसाला टब म्हणजे खड्डाच. तुझ्या त्या चाहत्यांत कोणी गुडघेदुखीचा नाही वाटतं.’

एकच खोली, तरुणाला तिच्यातली शोभा गेलेली दिसली, परिचारिकेला धोका गेलेला दिसला. दोघेही खोटे बोलत नव्हते.

जपानात टोकियोजवळच्या डिस्नेसी उद्यानाला लागून ६ जून २०२४ रोजी ४७५ खोल्यांचे ‘फँटसी स्प्रिंग्स हॉटेल’ सुरू झाले, त्याचीही चित्रे आम्ही पाहिली. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ साली ‘इमॅजिका’ सुरू झाले आणि दोन वर्षांनी त्याच्या आवारात नोव्होटेलचे हॉटेल आले. शिर्डीत ‘साई तीर्थ’ नावाचे भक्तिविषयक उद्यान उभे राहिले. म्हणजे तीर्थ आणि उद्यान, भक्तनिवास आणि हॉटेल यांच्यातील भिंत आता आपल्याकडेही फारशी जाड राहिलेली नाही. पुण्याच्या भावाचे मत खोपोलीच्या बाजूने पडले: नातवंडे उद्यानात, मोठी माणसे वातानुकूलित खोलीत, संध्याकाळी सर्वांचे एकत्र जेवण. थोरलीचे मत शेगावच्या बाजूने. ज्यांच्यासाठी हे सारे, ते मात्र म्हणाले, ‘मला कोठेही नेऊ नका. मी घरीच बरा.’

त्या नकारामागची गोष्ट

या नकाराचे कारण मला ठाऊक होते आणि त्याचा काही दोष माझ्याकडे होता. दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी आम्ही एका शहरात हॉटेलात उतरलो होतो. खोली मीच ठरवली होती, मोबाइलवरील छायाचित्रे पाहून. छायाचित्रांत पांढरीशुभ्र गादी होती, भिंतीवर मोठे चित्र होते, खिडकीतून दिसणारे झाड होते. न्हाणीघराचे छायाचित्र नव्हते, आणि मीही ते मागितले नव्हते.

पहाटे साडेचारला आप्पा उठले. खोलीत अंधार, दिव्याचे बटण दाराजवळ, पलंगापासून दूर. न्हाणीघराचा उंबरा चार बोटे उंच. आत चकचकीत फरशी, तीवर रात्रीचे साबणाचे पाणी. तोल गेला तेव्हा त्यांनी आधारासाठी भिंतीवरची टॉवेलाची दांडी धरली, आणि ती दांडी उपटून त्यांच्या हातात आली. दार आतल्या बाजूला उघडणारे. आप्पा नेमके दाराशी पडलेले. आम्हाला ते दार उघडायला दहा मिनिटे लागली. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते. हाड जुळले. मोडले ते दुसरेच काही होते, आणि ते जुळायला प्लास्टर नव्हते.

त्यानंतर आप्पांनी प्रवास सोडला. आधी परगावचा, मग औंढ्याच्या सोमवारचा, मग गावातील मल्लिनाथांच्या मंदिराकडील संध्याकाळचा फेरफटका. ‘आज पाऊस वाटतोय’, ‘आज ऊन आहे’, ‘उद्या बघू’. आम्ही याला वयाचा आळस समजलो. थोरल्या बहिणीने त्याचे खरे नाव सांगितले: पडण्याची भीती. पडलेल्या वृद्धांत ही भीती फार सामान्य आहे आणि ती स्वतःच एक आजार होऊन बसते. माणूस भीतीने चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू दुबळे होतात. स्नायू दुबळे झाले की तोल जातो. आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत पडणे हे जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि त्यांत साठीपुढील माणसे सर्वाधिक. म्हणून वडील माणसाचा ‘मी घरीच बरा’ हा शब्द शांतपणे मान्य करण्यापूर्वी त्यामागे समाधान आहे की धास्ती, हे तपासून पाहावे.

पहाटे उठताना आप्पांना किंचित घेरी येई, हेही नंतर कळले. झोपेतून एकदम उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे लागते. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा झोपेच्या औषधांनीही असे होऊ शकते. डॉक्टरांनी आप्पांच्या गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. आम्ही एवढेच शिकलो: डोळे उघडल्यावर आधी कुशीवर वळायचे, मग पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचे, पाय हलवायचे, आणि मगच उठायचे. औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

शेगावची पाहणी

वाद मिटेना, तेव्हा मी आणि पत्नी शेगाव पाहून येण्यास निघालो. यात्रेसाठी नव्हे, पाहणीसाठी. वसमतहून रेल्वेने अकोला, अकोल्याहून मुंबईच्या दिशेने शेगाव. श्री गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी येथे समाधी घेतली. सरोवर, ध्यानकेंद्र आणि लहान रेल्वेगाडी यांनी नटलेले ‘आनंद सागर’ संस्थानाने येथेच उभारले. मराठी कुटुंबांच्या एका पिढीने उद्यान आणि तीर्थ एकत्र पाहिले ते येथे. शेगावची कीर्ती स्वच्छतेची आणि सेवेकऱ्यांच्या शिस्तीची आहे, आणि ती कीर्ती डोळ्यांना पटते. स्थानकापासून संस्थानाची बस आहे. भक्तनिवासाच्या खोलीत शोभेचे काही नाही; पण फरशी कोरडी, चादर धुतलेली, आणि काही विचारले तर उत्तर देणारा माणूस समोर हात जोडून उभा.

पत्नीने पिशवीतून शिवणाची टेप काढली, तेव्हा मला संकोच वाटला. तिने पलंगाची उंची मोजली, उंबरा मोजला, दाराची रुंदी मोजली आणि सारे वहीत लिहिले. मग म्हणाली, ‘दोन वर्षांपूर्वी हे केलं असतं तर?’ मी काही बोललो नाही.

परतीच्या गाडीत त्या वहीचे आम्ही प्रश्न केले. खोपोलीचे हॉटेल असो, शेगावचे भक्तनिवास असो, की एखाद्या क्षेत्रावरील जुनी धर्मशाळा. वडील माणसासह उतरण्यापूर्वी दूरध्वनीवर हे प्रश्न विचारावेत:

१. खोली तळमजल्यावर मिळेल का? नसल्यास लिफ्ट आहे का, आणि वीज गेल्यावर ती चालते का?

२. मोटार थांबते तेथून खोलीपर्यंत पायऱ्या किती? त्यांना कठडा आहे का, एका बाजूला की दोन्ही?

३. शौचालय बैठकीचे, म्हणजे कमोडचे, आहे का? बसण्याची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर असावी. फार बुटक्या कमोडवरून उठताना गुडघे दुखणाऱ्यांचे हाल होतात.

४. कमोडजवळ आणि न्हाण्याच्या जागी धरायला भिंतीत पक्का बसवलेला दांडा आहे का? टॉवेलाची दांडी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे.

५. न्हाणीघराला उंबरा किंवा पायरी आहे का? फरशी खरखरीत आहे का? आंघोळीसाठी रबरी पायांचे स्टूल मिळेल का?

६. दार बाहेर उघडते की आत? आतून लावलेली कडी बाहेरून उघडता येते का?

७. चाकांची खुर्ची आत जाईल का? त्यासाठी दार सुमारे ९० सेंटिमीटर रुंद लागते, आणि खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा.

८. पलंगावर बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का? रात्रीचा मंद दिवा आहे का, की बटणासाठी अंधारात चालावे लागेल?

९. इन्सुलिन ठेवण्यासाठी फ्रिज आहे का? मधुमेह्याला वेळेवर साधे जेवण मिळेल का? रात्री डॉक्टरांची गरज पडली तर जवळचे रुग्णालय किती दूर?

‘सर्व सोयींनी युक्त’ या उत्तरावर समाधान मानू नये. न्हाणीघराचे छायाचित्र मागावे. ते पाठवायला कोणी टाळाटाळ केली, तर तेही एक उत्तरच आहे.

अमेरिकेत १९९० च्या कायद्यामुळे हॉटेलांना अपंगांना वापरता येतील अशा खोल्या ठरावीक प्रमाणात ठेवाव्या लागतात. आपल्याकडेही दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे, आणि सार्वजनिक वापराच्या इमारती सर्वांना वापरता याव्यात ही त्याची अपेक्षा आहे. पण कायद्याचे कलम खोलीपर्यंत पोहोचते ते बहुधा विचारणाऱ्या ग्राहकाच्या तोंडून. चाहत्यांनी ओरडा केला की कंपन्या भिंतींचे रंग बदलतात, असे भाचा सांगतो. मग आपण वृद्धांच्या घरच्यांनी दांड्यासाठी ओरडा का करू नये? औंढा तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. माणसे येतील, आणि त्यांच्यासाठी या भागात नवी निवासस्थानेही बांधली जातील. बांधकाम होण्यापूर्वी विचारलेला प्रश्न फुकट सुटतो; नंतर विचारलेल्या प्रश्नासाठी भिंत फोडावी लागते.

अठरा फुटांचा उतार

शेगावहून परतलो तो रात्रीचा. ओसरीच्या तीन पायऱ्या चढताना माझे मलाच नवल वाटले. दुसऱ्यांच्या खोल्या टेप लावून मोजणाऱ्या आम्ही आमचे घर कधी मोजलेच नव्हते. ओसरी अंगणापासून दीड फूट उंच, कठडा नाही. न्हाणीचा उंबरा त्या हॉटेलापेक्षाही उंच. शौचालय परसात, पावसात निसरड्या झालेल्या फरशांवरून दहा पावलांवर. ‘मी घरीच बरा’ म्हणणारे आप्पा ज्या घरात बरे होते, ते घर आमच्या वहीतील नऊ प्रश्नांपैकी सहांत नापास झाले.

भाच्याने ही गोष्ट मनावर घेतली. ‘मामा, आपण आप्पांची खोलीच हॉटेलसारखी करू. पण त्यांच्या आवडीच्या विषयाची!’ त्याने वहीच्या पानावर आराखडा काढला. गावच्या मिस्त्रींना बोलावले. ओसरीला पायऱ्यांच्या बाजूने उतार करायचा ठरला. मिस्त्री म्हणाले, ‘सहा फुटांत बसवतो की.’ पण एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे सुरक्षित उताराचे प्रमाण आहे. दीड फुटाला अठरा फूट हवेत. अंगण तेवढे लांब नव्हते. शेवटी उतार भिंतीच्या कडेने काढला, कोपऱ्यावर थोडी सपाट जागा ठेवून वळवला, आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा लावला. मिस्त्रींनी आधी मान हलवली. काम झाल्यावर त्यांनीच विचारले, ‘सर, आमच्या आईसाठी पण असंच करावं म्हणतो. बारा पट ना?’

न्हाणीचा उंबरा काढून तेथे हलका उतार दिला. खरखरीत फरशी बसवली. कमोड खोलीला लागून घेतला, त्याच्या बाजूला जाड दांडा भिंतीत खोल बसवला, आणि आम्ही प्रत्येकाने त्याला लोंबकळून पाहिले. दार बाहेर उघडणारे केले. पलंगाखाली लाकडी ठोकळे देऊन त्याची उंची आप्पांच्या गुडघ्यांएवढी केली. उशाशी दिव्याचे बटण आणले. आंघोळीचा पाट माळ्यावर गेला, स्टूल आले. या सगळ्यात शोभेची गोष्ट एकच होती: आप्पांच्या शाळेतील मुलांसोबतचे जुने छायाचित्र मोठे करून भाच्याने पलंगासमोर लावले. त्याच्या दृष्टीने हॉटेलाची ‘कल्पना’ पूर्ण झाली.

काम चालू असताना आप्पा ओसरीवर खुर्चीत बसून सूचना देत. पहिले चार दिवस सूचना होत्या, ‘उगाच खर्च’. पाचव्या दिवशी ते म्हणाले, ‘दांडा जरा खाली घ्या, माझा हात इथं येतो.’ तो शब्द ऐकून थोरलीने माझ्याकडे पाहिले. ती त्यांना रोज सकाळी हातांच्या खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे करवून घेत होती, मग ओट्याला धरून टाचा उचलणे. व्यायाम साधेच, पण तिच्या सांगण्यानुसार ते प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून, कोणी शेजारी उभे असताना करावेत.

उतार वाळल्यावर आप्पा कठडा धरून खाली गेले आणि वर आले. मग पुन्हा खाली गेले, फाटकापर्यंत. तिसऱ्या संध्याकाळी आम्हाला न विचारता ते रस्त्यावर होते. मल्लिनाथांच्या मंदिराच्या वाटेवर त्यांच्या जुन्या सोबत्याने त्यांना पाहून हाक मारली, ‘गुरुजी, आलात का परगावाहून?’ आप्पा म्हणाले, ‘हो, दोन वर्षांनी आलो.’

सोहळा घरीच झाला. ८१ दिव्यांनी औक्षण झाले. दिव्यांच्या ताटात आईची उणीव दिसली, ती कोणी बोलून दाखवली नाही. खोपोलीचा बेत पुढच्या वर्षावर गेला, शेगावचाही. पण दोन्ही बेतांवर या वेळी आप्पांनी ‘नाही’ म्हटले नाही. ‘बसच्या पायऱ्या विचारून ठेवा,’ एवढेच म्हणाले.

पाठीमागचे दार

श्रावणातील सोमवारची गर्दी सुरू होण्यापूर्वी, एका साध्या बुधवारी सकाळी आम्ही आप्पांना औंढ्याला नेले. मराठवाड्यातील वृद्धांनी देवदर्शनाला सकाळची वेळ साधावी. उन्हाळ्यात तर दगडी फरशी अशी तापते, की मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना भाजल्याचे कळतही नाही. अशांनी अनवाणी न जाता जाड सुती मोजे घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. आप्पांना मधुमेह आहे. मोजे थोरलीने आणलेच होते.

नागनाथाचे मंदिर हेमाडपंती, बाहेरच्या भिंती शिल्पांनी गजबजलेल्या. वरच्या भागाची पुनर्बांधणी अहिल्याबाई होळकरांनी केली असे सांगतात. गाभारा मात्र भूमिगत आहे. अरुंद, खड्या पायऱ्यांनी, डोके वाकवून खाली उतरावे लागते, आणि आत जागा थोडी. आप्पा सभामंडपात त्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. वर्षानुवर्षे ते तेथून उतरले होते. त्यांचा हात माझ्या हातावर होता. तो थरथरत नव्हता, पण घट्ट होता. मी म्हणालो, ‘आप्पा, आपण सावकाश उतरू, मी पुढे राहतो.’

त्यांनी थोडा वेळ त्या अंधाराकडे पाहिले. ‘नको,’ म्हणाले. ‘इथून हात जोडतो. तू जाऊन ये, माझ्या नावाचं बेल घाल.’

या ‘नको’त धास्ती नव्हती, हे मला त्यांच्या आवाजावरून कळले. हा हिशेब होता. झेपेल ते करायचे, झेपणार नाही ते ओळखायचे. वृद्धांना आधार देणाऱ्यांनी या दोन नकारांतील फरक ओळखायला शिकावे. पहिल्याला हळूहळू बाहेर काढावे, दुसऱ्याचा मान ठेवावा. मी उतरलो, बेल वाहिले आणि वर आलो.

मग आम्ही मंदिराला बाहेरून फेरी घातली, भिंतीवरील शिल्पे पाहत, मध्ये मध्ये बसत. मागच्या बाजूला आल्यावर आप्पांनी भाच्याला संत नामदेवांची कथा सांगितली. नरसी नामदेव हे गाव आमच्याच जिल्ह्यात. नामदेव मंदिरासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी त्यांना तेथून उठवले. ते मंदिराच्या पाठीमागे जाऊन देवाला आळवू लागले, आणि मंदिरच त्यांच्या दिशेने फिरले. येथे नंदी समोर नसून मागे आहे, त्याचे कारण लोक हेच सांगतात.

भाचा बराच वेळ मंदिराकडे पाहत राहिला. ‘म्हणजे आप्पा, ते समोर येऊ शकले नाहीत, म्हणून दारच त्यांच्याकडे आलं?’

‘असं म्हणतात,’ आप्पा म्हणाले. ‘आता हात दे, उठायचंय.’

त्याने हात दिला. आप्पांनी आधी पाय जमिनीवर नीट टेकवले, क्षणभर थांबले, आणि उठले.